गिरीशरावांनी गाड्याचा पंप काबीज केला, ती हकिकत

खरं आहे! अक्षर न् अक्षर खरं आहे! देवघरातल्या समईची आण, गॅसवर ठेवलेल्या दुधाची आण, आणि ज्यास खोटे वाटेल त्याने खुशाल नोव्हायास येऊन तोंडावर विचारावे, जेवूनखाऊन जावे, पण शंका घेऊ नये. सुभा मिशिगन, कसबे नोव्हाय येथील राहणार गिरीशराव यांनी गाड्याच्या पाण्याच्या पंपावर जी मोहीम केली, तिची हकिकत नातवंडांनी फोनवर पुन्हा पुन्हा विचारली आणि दर खेपेस थोडी निराळी ऐकली, म्हणोन एकदाची नीट लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लिहिणार खुद्द राणीसाहेब, म्हणजे रावांचे कुटुंब, तुमची आजी. सबब राणीसाहेबांची तारीफ जेथे येईल तेथे ती मुळात होती त्याहून कमीच लिहिली आहे, ऐसे समजावे.

गिरीशराव म्हणजे लहानसहान असामी नव्हेत. तरुणपणी पुण्याहून इंजिनियर होऊन इकडे आले आणि मोटारी बनविणाऱ्या एका पातशाहीत उभी हयात चाकरी केली, आणि चाकरी कशाची, तर मोटारीतल्या वॉटर पंपाची. लक्षावधी गाड्यांच्या पोटात रावांचे पंप फिरले आणि लक्षावधी इंजिने थंड राहिली. मग रिटायर जाहले, पार्टी जाहली, केक कापला, आणि राव घरी येऊन खिडकीत बसले ते बसलेच. शेजाऱ्याने गवत कापले की नाही ते पाहावे, कुरियरवाल्याची वाट पाहावी, आणि भर दुपारी आज वार कोणता ऐसे विचारावे. राणीसाहेबांच्या जिवास घोर लागला. इतक्यात एके दिवशी राव कोठूनसा एक जुना कॅराव्हॅन, पांढरा, एका कुशीस पोचा आलेला, ट्रकमागे जोडून ड्राइव्हवेत घेऊन आले, आणि मग सारा दिवस त्याच्या पोटाखाली निजून स्क्रू पिळू लागले, आणि पिळता पिळता शिटी वाजवू लागले. राणीसाहेबांस गाडा आवडला नाही. शिटी आवडली. म्हणोन गाडा राहिला.

गेल्या साली पहिल्या स्वारीत राणीसाहेबांनी गाड्याच्या टाकीतल्या पाण्याचा चहा केला, एक घोट घेतला आणि फर्माविले जे, या चहास नव्या प्लास्टिकच्या बादलीचा वास येतो. राव काही बोलिले नाहीत. राव बोलत नाहीत तेव्हा डोक्यात काही शिजत असते, हे ओळखणे प्राप्त होते, परंतु राणीसाहेब तेव्हा खारीला हाकलण्यात गुंतल्या होत्या.

यंदा जुलैत पुन्हा स्वारीचा बेत ठरला. उत्तरेस पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलाचे घोर अरण्य आहे, तेथे तळ्याकाठी मुक्काम करावा, ऐसी मसलत जाहली. कन्या सलोनी, शिकागो प्रांती वकिली करणारी, रजा काढून सामील जाहली. मग सरंजाम भरिला तो ऐसा: प्रेशर कुकर, भाजणी, चकल्यांचा डबा, लोणचे, रावांची हत्यारांची पेटी, आणि डासांवर मारावयाचा दारूगोळा. निघते वेळी साड्यांच्या कपाटातली वाळ्याची जुडी नाहीशी जाहल्याचे राणीसाहेबांच्या ध्यानी आले. ती नाशिकहून मंजुषावहिनींनी धाडलेली. तिचा आळ बेसमेंटमधल्या उंदरावर घातला आणि कूच केले.

मिशिगनचे रस्ते म्हणजे खड्ड्यांची जहागीर. ट्रक उडे, मग गाडा उडे, मग टाकीतले पाणी उडे, आणि भांडी आतल्या आत लढाई करीत. येणेप्रमाणे मॅकिनॉचा पूल पार करून फौज अरण्यात दाखल जाहली. त्या तळावर वीज नाही, नळाची जोडणी नाही. एक हातपंप आहे, त्यावरून कॅन भरून आणावे. म्हणजे सारी मदार गाड्याच्या पोटातील टाकीवर, आणि टाकीतले पाणी नळापर्यंत ढकलणाऱ्या, वीतभर लांबीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या पंपावर. डास मात्र अगणित, एकेक कबुतराएवढा. एकाने सलोनीची टोपी उचलून तळ्यापलीकडे नेली. शपथ घेतली आहे, पुन्हा घ्यावयास लावू नये.

दुसरे दिवशी सकाळी घात जाहला. राणीसाहेब गाड्याच्या न्हाणीघरात, जेथे कोपर हलविले की भिंत लागते तेथे, केस धूत होत्या. शॅम्पूचा फेस माथ्यावर चढला आणि ऐन त्या घडीस नळाने घशात काही अडकल्यागत खाकरले, दोन थेंब टाकिले आणि मौन धरिले. पलंगाखालून पंप घर्र घर्र ओरडतो आहे, पण पाणी नाही. राणीसाहेब गाऊन गुंडाळून, माथ्यावर फेसाचा मुगूट घेऊन, गाड्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि साऱ्या तळाने ऐकावे अशा आवाजात हुकूम सोडिला:

“दुपारच्या चहापर्यंत या नळाला पाणी आलं नाही, तर हा डबा नोव्हायला नेऊन विकायचा! आणि हा फेस या डब्याच्याच पाण्याने उतरेल, नाहीतर मोटेलात उतरेल!”

शेजारच्या छावणीत विस्कॉन्सिनचे डेलसाहेब, हत्तीएवढ्या मोटरहोमचे धनी, कॉफी पीत होते. त्यांस मराठीचा गंध नाही, तरी त्यांनी कप खाली ठेवून अदबीने टोपी काढिली.

हुकूम तोंडातून गेला आणि राणीसाहेबांस शिटी आठवली. गाडा गेला तर राव पुन्हा खिडकीत बसतील, हे त्यांस उमगले. परंतु माथ्यावर फेस असता हुकूम माघारी घेणे शोभत नाही. त्यांनी वरून टॉवेल बांधिला आणि खुर्ची टाकून बसल्या.

राव मात्र गडबडले नाहीत. त्यांनी पेटी उघडली, चष्मा बदलला आणि चाकरीतला जुना रिवाज काढिला. मोटारींच्या कारखान्यांत रिवाज ऐसा आहे जे, बिघाड जाहला असता थेट पान्यास हात घालू नये. आधी ‘असे का?’ विचारावे, आणि उत्तर येताच पुन्हा ‘असे का?’ विचारावे, ऐसे पाच वार करावे. मग माशाच्या सांगाड्याचे चित्र काढून एकेका काट्यावर एकेका संशयिताचे नाव मांडावे. रावांनी कागदाच्या थाळीवर मासा काढिला. मासा सुरेख जाहला. त्यावर बॅटरी, फ्यूज, वायर, हिवाळ्यातला व्हॉल्व्ह ऐसे सरदार चढले.

सलोनीने फोनला रेंज मिळावी म्हणोन टेबलावर चढून एक व्हिडिओ पाहिला आणि अर्ज केला: “बाबा, लिसन. हा माणूस म्हणतोय, पंपाच्या आधी एक छोटी गाळणी असते, आधी ती चेक करा. इट्स लाइक टू मिनिट्स.”

“सलू, गाळणी कशानं तुंबेल? पाणी मी स्वतः भरलंय. घरचं. आणि प्रोसेस सोडून मधेच उडी मारायची नाही.”

“बाबा, सीरियसली? प्रोसेस? आईच्या डोक्यावर शॅम्पू वाळतोय!”

“वाळू दे,” राणीसाहेबांनी मान न हलविता फर्माविले. मान हलविली तर तडकण्याचा संभव होता.

मग मोहीम सुरू जाहली. रावांनी प्रथम बॅटरीवर मीटर लाविला. बॅटरी इमानी निघाली. मग फ्यूज उपसले. एकही फितूर नाही. मग हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणोन ज्या व्हॉल्व्हातून गुलाबी औषध भरितात, तो उलटा राहिला काय, हे गुडघ्यांवर रांगून पाहिले. तोही जागच्या जागी. तोवर सूर्य माथ्यावर आला, पलंगाच्या फळ्या बाहेर गवतावर आल्या, गाद्या झाडावर चढल्या, आणि डेलसाहेब खासे चालून आले. हाती नवा कोरा पंप, खोक्यासकट. म्हणाले, मजपाशी जादा आहे, घे, बसवून टाक, आमच्या घरीही असेच फर्मान निघते.

तळावरील समस्त जनांस वाटले, संकट टळले. परंतु राव उभे राहिले, गुडघ्यावरची माती झटकिली, आणि पंपावर हात ठेवून इंग्रजीत बाणेदारपणे बोलिले जे, हा पंप निर्दोष आहे, मी आयुष्यभर पंप ओळखत आलो, याचा आवाज आजाऱ्याचा नव्हे, उपाश्याचा आहे. आणि निर्दोषास काढून दुसऱ्यास बसविणे मजकडून होणार नाही. डेलसाहेब चकित जाहले. राणीसाहेबांनी घड्याळ पाहिले.

बोल खरा करून दाखविण्याकरिता रावांनी पंप सोडवून बाहेर आणिला, त्याची तोटी बादलीत बुडविली आणि वायर जोडिली. पंपाने ऐसी धार सोडिली की ती गाड्याचे छप्पर ओलांडून थेट डेलसाहेबांच्या हत्तीवर पडली, आणि वाटेत सलोनी होती, ती नखशिखांत भिजली. “बाबा!” ऐसी किंकाळी उठली. पण रावांचे डोळे चमकले. पंप बरा, बॅटरी बरी. मग पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. आणि टाकी व पंप यांच्यामध्ये उभी कोण? गाळणी.

“डोंट से इट,” राव बोलिले.

“आय डिडंट से अ वर्ड,” ओली कन्या बोलली, आणि तिने मुठीएवढी ती पारदर्शक वाटी फिरवून उघडिली.

आत पाण्याचा टिपूस नव्हता. होती ती तपकिरी, केसाळ, एकात एक गुंतलेली कसलीशी गच्च गुठळी.

“ईऽऽ! बाबा, इज दॅट हेअर? इज इट अ माउस?”

रावांनी वाटीत पाहिले आणि राव लाल जाहले. मानेपासून सुरुवात होऊन लाली टकलापर्यंत चढली. राणीसाहेब खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या आणि वाकल्या, तो नाकाने ओळखले. ओल्या मातीचा, थंड, भर उन्हाळ्यातल्या माठाजवळचा वास. वाळा!

“अहो, ही माझ्या कपाटातली जुडी!”

राव पायाच्या अंगठ्याने गवत उकरू लागले. “तू म्हणाली होतीस ना, चहाला बादलीचा वास येतो. तुझी आई नाशिकला माठात वाळा टाकायची. ते पाणी मी प्यालोय. म्हटलं, टाकीत टाकून बघू. धुऊन, दोऱ्यानं बांधून, भरायच्या तोंडातून आत सोडली. तुला सरप्राइज.”

“अहो, माठाला पंप असतो का?”

“नसतो,” राव कबूल जाहले. “ते माशात घ्यायचं राहिलं.”

“आणि दोरा कुठला?”

“तुझ्या शिवणाच्या डब्यातला.”

मिशिगनच्या खड्ड्यांपुढे त्या दोऱ्याचा टिकाव लागला नव्हता. जुडी सुटली, तंतू तंतू जाहला, आणि समस्त वाळा गाळणीच्या दाराशी येऊन दाटला. सलोनी आईकडे पाही, मग बापाकडे पाही. “दॅट इज द डंबेस्ट, स्वीटेस्ट थिंग,” ऐसा निवाडा देऊन ती डोळे पुसू लागली. पाणी केसांतले होते म्हणाली. राणीसाहेबांनी माथ्यावरचा टॉवेल घट्ट केला. टॉवेलाखाली फेस वाळून त्याचे शिरस्त्राण जाहले होते आणि ते फार खाजत होते, म्हणोन डोळ्यांत पाणी आले.

मग शेवटची चाल जाहली. टाकी रिकामी केली आणि कॅनमागून कॅन पाणी ओतून धुतली, उरला वाळा जाळीने धरिला. राव हातपंप दाबीत, डेलसाहेब कॅन वाहत, सलोनी ओतीत, आणि राणीसाहेब खुर्चीतून घाई करा ऐसे फर्मावीत. टाकून दिलेला वाळा झाडाखाली पडला होता, त्यापाशी अरण्यातून एक काळे अस्वल आले, वाळा हुंगला, मोठ्यांदा शिंकले, आणि शरमून गेले. येथे कुणी हसू नये. शिंक डेलसाहेबांनीही ऐकिली, आणि ते तर ‘ब्लेस यू’ म्हणाले.

पंप पूर्ववत बसविला, गाळणी फिरवून घट्ट केली, आणि रावांनी बटण दाबिले. पंपाने एक आचका दिला, नळ खोकला, वारा सुटला, मग थेंब आला, मग धार आली! राणीसाहेबांनी न्हाणीघर गाठले आणि फेस उतरविला. ऊन अजून तळ्यावर होते आणि चहाची वेळ टळली नव्हती. फत्ते जाहली.

मग त्याच नळाच्या पाण्याचा चहा जाहला. गाड्यासमोर खुर्च्या मांडून चौघे बसले, चकल्या निघाल्या, आणि डेलसाहेबांनी चकलीस कुर्निसात केला. राव कप हाती धरून राणीसाहेबांच्या मुद्रेकडे पाहत होते, जसे निकालाच्या दिवशी पोर बोर्डाकडे पाहते. राणीसाहेबांनी घोट घेतला. चहास वाळ्याचा ऐसा मंद सुवास येत होता की नाशिकचा ओटा, पाटावरचा माठ आणि आईचा ओला हात समोर उभा राहिला.

“बरा झालाय,” राणीसाहेब बोलिल्या. “अजून अर्धा द्या.”

आणि तेथेच फर्मान फिरविले जे, गाडा विकणे नाही. गाडा रावांकडे वंशपरंपरागत चालावा. वाळा यापुढे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून किटलीत ठेवावा, टाकीत सोडू नये. शिवणाच्या डब्यास परवानगीवाचून हात लावू नये. राव उठले, पलंगाच्या फळ्या आत नेऊन बसवू लागले, आणि आतून शिटी ऐकू आली. येणेप्रमाणे अप्पर पेनिन्सुलाच्या तळ्याकाठी गिरीशरावांनी पंपाची अब्रू राखिली, पाणी आणिले, आणि आपला गाडा राखिला. हे सर्वांनी ध्यानी ठेवावे.

आता शपथ एवढ्या मोठ्याने घेतली आहे, तर एक गोष्ट सांगून टाकते. अस्वल खरे. डास खरे. हत्तीवर गेलेली धार खरी. चहाचे तेवढे मी पदरचे घातले. टाकी इतकी धुतली होती की त्यात वाळ्याचा तंतू उरला नव्हता, आणि त्या चहाला नव्या बादलीचाच वास येत होता. दीड कप प्याले. हे तुमच्या आजोबांना कुणी सांगायचं नाही.