जावयाला सांगणार कोण?

साखरपुडा साडेअकराला, निफाडला. आणि नवरीचे वडील सकाळी साडेआठला गंगापूर रोडवर, थोरल्या जावयाच्या गाडीशेजारी, पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे! सावळीराममामा आदल्या दिवशी नव्या जावयाची अंगठी घ्यायला नाशकात आले होते. "सकाळी मी सोडतो की!" या ललितच्या शब्दावर मुक्कामाला राहिले. आता अंगठी मामांच्या खिशात, आणि ललितची पंधरा वर्षांची गाडी हिव भरल्यासारखी हुडहुडत होती.

"टॅक्सी बोलावू का?" त्याच्या बायकोने, प्रतिभाने विचारलं.

"घरात गाडी असताना? दहा मिनिटांत शोधतो बिघाड. व्हिडिओ बघितलाय मी!"

व्हिडिओत सांगितलं होतं, प्लगच्या वायरी एकेक करून काढा. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तिचा प्लग खराब. एकेक करायला धीर लागतो, आणि तो आमच्या ललितकडे कधी नव्हता. त्याने इंजिन बंद करून चारही वायरी एकदम उपटल्या, बनियनने पुसल्या नि परत खोचल्या. आता किल्ली फिरवली की नुसता फटाका फुटायचा आणि समोरच्या बंगल्यातलं कुत्रं गळा काढायचं.

मामांनी तीस वर्षं स्वतःची पेट्रोलची जीप स्वतः खोलली नि जोडली होती. मधल्या दोन वायरींची अदलाबदल झालीय, हे त्यांना लांबूनच दिसत होतं. पण ज्याला अधिकमासात चांदीच्या ताटात अनारसे वाढले, त्याला 'चुकलं' म्हणायचं कसं?

"मामा, काय वाटतं?"

"लय भारी चाललंय, जावईबापू."

"आबा, सांगा ना त्यांना!" प्रतिभा दबक्या आवाजात करवादली.

"गप गं. जावई हायेत ते."

तेवढ्यात निफाडहून मामांच्या बायकोचा, सखुबाईंचा फोन. "पाव्हणे निघाले! नवरीचा बाप कुठं हाय?"

"गाडीपाशीच हाय," मामा म्हणाले. खोटं एका अक्षराचं नाही.

साडेनऊला मात्र मामांचा धीर सुटला. "जावईबापू, तुम्ही थोरले जावई. आंघोळ करून झब्बा घालून या. तवर इंजिन जरा निवंल."

ललित आंघोळ करून आला. पहिल्याच किल्लीला गाडी शहाण्या लेकरासारखी चालू झाली.

"बघितलंत? निवू द्यायला हवं होतं!"

"तर काय! निवल्यावर धरलं बगा," मामा हात धोतराच्या सोग्यात लपवत म्हणाले.

अकरा पंचवीसला गाडी मांडवात पोचली. मामांनी नव्या जावयाला, राजला, गंध लावलं. कुंकवाशेजारी कपाळावर अंगठ्याएवढा काळाकुट्ट डाग उमटला. पाव्हण्यांच्या माना पुढे आल्या.

"असू द्या, तीट लागली. दृष्ट नाय व्हायची," सखुबाईंनी वेळ मारून नेली.

ललितने मामांच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या साबणाच्या वासाच्या हातांकडे.

"थोरल्या जावईबापूंनी गाडी दुरुस्त केली ना," मामा घाईघाईने सगळ्यांना सांगू लागले, "मी नुस्तं फडकं धरलं."

ललित पुढे झाला. "खोटं आहे," तो मोठ्याने म्हणाला. "गाडी मामांनी केली. मी आंघोळ करत होतो."

मांडव खदखदून हसला. मामा हसले नाहीत. ललित-प्रतिभाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ललितच्या खांद्यावर हात टाकला, पांढऱ्या झब्ब्यावर काळी पाच बोटं उमटवली आणि कानाशी वाकून म्हणाले,

"चारी वायरी एकदम कोण उपटतं रे, लेका?"