बोलून मोकळं व्हायचे तीन उपाय

आमच्या कामिनीने जेवताना सांगितलं, "आपण दोघं एखाद्या समुपदेशकाकडे जाऊ. तुम्ही माझ्याशी बोलत नाही." मी "बरं" म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली असताना एवढा विचार करून कोण बोलतं? पण त्या एका "बरं"ने मला जळगाव ते धुळे फिरवून आणलं.

मी एरंडोलला सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. (वरिष्ठ म्हणजे वयाने.) कचेरीतल्या रतिलालभाऊला विचारलं, समुपदेशक म्हणजे नक्की कोण? तो म्हणाला, "कोचिंग काय, कौन्सेलिंग काय, बठ्ठं एकच शे. चष्मावाला माणूस समोर बसस आन इचारस." त्यानेच जळगावच्या एका लाइफ कोचचा नंबर दिला.

मी एकटाच गेलो. कोच माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"निवृत्त."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. झालं गेलं तो विचारत नव्हता, पुढचं ध्येय तेवढं विचारत होता. मग माझ्याकडून एक ध्येय लिहून घेतलं : पत्नीशी रोज पंधरा मिनिटं बोलणे. मी त्याच संध्याकाळी घड्याळ लावून बसलो आणि कामिनीला नवीन पेन्शनचे नियम समजावून सांगितले. तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "झाली का पंधरा मिनिटं?" अजून दोन बाकी होती.

"मी कोच नव्हता म्हटला," ती म्हणाली, आणि तिनेच कुंदाताईंकडे नेलं. कुंदाताई जळगावातच समुपदेशन करतात. त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं, "मी सल्ला देणार नाही. ऐकणार. उत्तर तुमचं तुम्हाला सापडेल." चोवीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. माझी बढती कशी अडवली, फाईल कोणी दाबली, सगळं. कामिनी शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. वेळ संपल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी वहिनी बोलतील." पुढच्या वेळी मला कचेरीत फार काम निघालं.

तेवढ्यात रतिलालभाऊची तंबाखू सुटली. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी संमोहनाने सोडवली म्हणे. मला पटलं. आपण नुसतं पडून राहायचं, बोलायचं नाही, आणि उठलो की सुधारलेले. कामिनी निमूटपणे सोबत आली.

डॉक्टर सज्जन होते. "संमोहन म्हणजे जादू नाही," ते म्हणाले. "तुमच्या मर्जीविरुद्ध काही होणार नाही, आणि ऐकू सगळं येईल." मग मऊ कोचावर निजवून हळूहळू आकडे मोजायला लावले. मला काहीही झालं नाही. पण माणूस एवढी मेहनत घेतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी डोळे मिटून पडून राहिलो.

"वहिनी, आता तुम्ही बोला," डॉक्टर म्हणाले. "ते मधे बोलणार नाहीत."

कामिनीने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आईच्या मरणाचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. यांना सांगितलं. हे 'हं' म्हणाले, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले."

(मीठ खरंच कमी होतं. पण हे सांगण्यासारखं नाही, एवढं आता मला कळतं.)

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केला होता म्हणाली, आदेशही आलाय, दोंडाईचा. मला दोनदा सांगितलं होतं. तिचा आवाज चढला नाही, रडली नाही. शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक वर्ष घेत गेली. मला डोळे उघडावेसे वाटत होते आणि उघडायची भीती वाटत होती.

"मला जायचं नाहीये," शेवटी ती म्हणाली. "सोमवारपर्यंत बदली रद्द करून घेता येते. यांनी फक्त एक गोष्ट केली, तर मी..."

कोच मऊ होता, एसी गार होता. मला झोप लागली.

जागा झालो तेव्हा ती चप्पल घालत होती. परतीच्या एसटीत तिने विचारलं, "ऐकलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

ती एक गोष्ट कुठली, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बघू."

पारोळा येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. नंतर खिडकीबाहेर.

सोमवारी ती दोंडाईचाला हजर झाली. मी आठवडाभर धीर गोळा करून डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, मी नेमका तेवढाच भाग चुकवला, ती एक गोष्ट काय होती ते सांगा.

"त्यांनी सांगितलीच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घोरायला लागलात. त्या उठल्या, तुमच्या पायांवर चादर घातली आणि मला म्हणाल्या, 'एसी कमी करा डॉक्टर. इतका वेळ जागे होते, आता खरंच झोपले.'"