मुंगीसुद्धा न शिरणारी काच

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना व्हर्ननने आपल्या छप्पन सालच्या पिकअप ट्रकची दोन्ही दारं उसकटून बसावं, हे त्याच्या बायकोला, ऑपलला, काही केल्या पटेना.

"चांगली तिकोनी काच आहे कोपऱ्यात. जरा फिरवली की वारा येतो," ती म्हणाली. "तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

"खडखडते. पावसात गळते. आता सगळे दाराला एकच सलग काच लावतात. बघच तू, मुंगीसुद्धा शिरणार नाही!"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काचा बसल्या. काचेचा खालचा काठ दारातल्या लोखंडी पट्टीत चिकटवला की चिकट वाळेपर्यंत, निदान एक दिवस, तिला हात लावायचा नसतो. लहानपणापासून बापाच्या हातात पाने-पकडी देत वाढलेल्या जोलीनने, म्हणजे खुद्द नवरीनेच, त्याला तसं बजावलंही होतं. पण व्हर्ननला धीर कुठला! जेवण उरकताच त्याने काचा वर चढवल्या आणि अंगणात उभं राहून स्वतःच त्यांचं कौतुक केलं.

सकाळी शिवणाऱ्या बाईंकडून लग्नाचा झगा आणायचं काम त्याच्याकडे होतं. झगा सीटवर अलगद आडवा घालून तो चर्चच्या आवारात शिरला. आल्यागेल्याला दिसाव्यात म्हणून काचा बंदच ठेवल्या. झग्याची काळजी म्हणून पलीकडचं दार आतून लावलं, इकडचं खटका दाबून ओढून घेतलं आणि समाधानाने वळला. किल्ली आतच, झग्याच्या मांडीवर राहिली होती.

"दुसरी किल्ली?" ऑपलने विचारलं.

"त्याच जुडग्यात."

तेवढ्यात व्हर्ननचा जुना दोस्त हॉइट तार घेऊन आला. त्या गावात ट्रकमध्ये किल्ली विसरणं आणि तारेने उघडणं हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं होतं.

"एवढंच ना? तिकोनी काचेची खिटी उचल आणि घाल हात!"

"काढून टाकली," व्हर्नन म्हणाला.

मग नवऱ्यामुलाचा काका आला. "अहो, कोपऱ्यातली ती छोटी काच ढकला की!"

"काढून टाकली."

शेवटी खुद्द पाद्रीबाबा कपाटातला हँगर वाकवत आले. "व्हर्नन, बाळा, ती तिकोनी..."

"काढून टाकली, पाद्रीबाबा," व्हर्नन इतक्या हळू म्हणाला की जणू पापाची कबुली देत होता.

हॉइटने रबराच्या कडेने तार घालून पाहिली. तार वाकली, रबर हललं नाही.

"मुंगीसुद्धा शिरणार नाही म्हणाला होतास ना?" ऑपल म्हणाली. "खरं बोललास बाबा. आता फोड ती काच!"

"चुरा सगळा झग्यावर पडेल गं."

किल्लीवाला मासे धरायला तळ्यावर गेलेला. आत पियानोवरची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली. नवऱ्याची आई दारातून दोनदा डोकावून गेली. व्हर्ननला रडू यायचंच बाकी होतं. एकुलत्या एक लेकीच्या लग्नाचा झगा त्याने स्वतःच्या हाताने काचेच्या पेटीत बंद केला होता.

इतक्यात चर्चचं मागचं दार धाडकन उघडलं. केसांत रोलर, अंगात कुणाचा तरी गाऊन आणि पायात बूट, अशी जोलीन आली. ती तडक ट्रकपाशी गेली, दाराच्या खालच्या बाजूला नीट निरखून पाहिलं आणि बुटाची एक सणसणीत लाथ हाणली.

आत काहीतरी सटकलं. काच थरथरली, मग सावकाश खाली सरकत पार दारात गडप झाली.

सगळे टाळ्या वाजवू लागले. ऑपलने झगा उराशी धरला आणि मोठ्ठा श्वास सोडला.

"काय युक्ती केलीस रे!" हॉइट व्हर्ननला म्हणाला. "माझ्याही ट्रकला अशीच बसवून दे."

"बघू," व्हर्नन घाम पुसत म्हणाला.

थोड्या वेळाने झगा घातलेल्या लेकीचा हात धरून तो बाकांच्या मधून चालू लागला. जोलीनने समोर बघतच कुजबुजत विचारलं, "काल रात्रीच चढवलीस ना, बाबा?"

"हो."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट दाबला. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."