उजवीकडे जड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या किसनला काहीही विचारा, तो आधी ‘न्हाई’ म्हणतो. चहा घेणार? न्हाई. मग कप उचलतो. सोसायटीच्या बैठकीत एकदा त्याने स्वतःच्याच सूचनेला विरोध केला. सचिव या नात्याने मला तो इतिवृत्तात लिहावा लागला.

हा आंदर मावळातला पोरगा कामशेतमध्ये शाळेची व्हॅन चालवतो आणि रॅप करतो. बंगल्यांसाठी जागा मागत फिरणाऱ्यांना उद्देशून त्याने नऊ गाणी केली. अल्बमचं नाव अर्थातच ‘न्हाई’. एखादं टोपणनाव घे, असं मी सुचवलं, तर म्हणाला, आईनं ठेवलेलंच अजून वापरून झालं न्हाई.

नऊही गाण्यांचं संगीत आणि रेकॉर्डिंग एकट्या युसूफभाईंचं. बाजारात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. मागच्या गोदामात चारी बाजूंनी गाद्या उभ्या करून त्यांनी स्टुडिओ केलाय. बाहेरच्या ट्रकचा हॉर्न आत येत नाही. या दोघांचं भांडण मात्र पुढे दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतं.

मला गाण्यातलं कळत नाही, पण हिशेब जुळला नाही की चैन पडत नाही. हेडफोनवर ढोल उजव्या कानात जड लागला. हेडफोन उलटा घातला, तर डाव्या कानात जड. म्हणजे दोष माझ्या कानाचा नव्हता. सगळ्या गाण्यांत तेच. किसनला सांगितलं, तर म्हणाला, आसू द्या.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने अल्बम काढायची तयारी दाखवली. अट एकच: संगीत त्यांच्या माणसाकडून नव्याने करून घ्यायचं. करार वाचायला किसनने मला गोदामात बसवलं आणि माझं वाचून होण्याआधीच फोनवर नकार देऊन टाकला.

मी चिडलो. अरे, निदान ढोल तरी नीट करून घे. तेवढं युसूफभाईसुद्धा करतील.

“त्यांना उजव्या कानानं नीट ऐकू येत न्हाई, काका. म्हणून त्या बाजूचा आवाज वाढवत जात्यात.”

“त्यांना ठाऊक नाही?”

“हाय की. मला ठाऊक हाय, ह्ये त्यांना ठाऊक न्हाई. कळलं, तर पुन्हा मशीनला हात लावायचे न्हाईत.”

तेवढ्यात युसूफभाई चहा घेऊन आत आले. पुण्यावाले काय म्हणाले, त्यांनी विचारलं.

किसन उठला आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“ढोल लय आवडला म्हनत्यात, भाई. पर म्या न्हाई म्हनलो.”

“येडा आहेस,” युसूफभाई म्हणाले. मग दोघं दहाव्या गाण्यावरून भांडायला लागले.