नणंद ओळखा, मग हुरडा खा

आमच्या सेलूत नानांच्या शेतात हुरडा खायचा असेल, तर आधी नणंद ओळखावी लागते. नणंद म्हणजे नदीकाठची टिटवी. तुम्ही तिला टिटवी म्हणालात, की हातातलं कणीस गेलंच म्हणून समजा.

नाना आमचे शेजारी. जन्मभर जिनिंगवर काट्यावर कापूस तोलला, आता पाहुणे पकडतात. गळ्यात दुर्बीण अडकवून कुणी स्टेशनावर उतरला, की नाना आडवे. "पाखरं बघायला आलाव ना? चला. लॉजवर खामखा काहून थांबता?" माणूस हो-नाही करेपर्यंत स्कूटरवर बसलेला असतो.

शेत दुधनेच्या काठाला. नाना आगटी पेटवतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं खुपसतात आणि पाहुण्याची शाळा सुरू होते. पाण्यात काहीही न करता सकाळभर उभा राहतो तो राखी बगळा म्हणजे जावई. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या म्हणजे नवरदेव. "इत्मिनानं बघा. आन् नाव सांगा बरं!" बरोबर आलं की गरम हुरडा चोळून तळहातावर. चुकलं की नुसती शेंगदाण्याची चटणी.

मागच्या थंडीत पुण्याच्या एका साहेबांनी पुस्तक काढून टिटवीचं चित्रच दाखवलं. नाना म्हणाले, "पुस्तकात आसंल टिटवी. ह्या शिवारात नणंद हाय." साहेब चटणी खाऊन गेले. मी पोट धरून हसलो.

"गावात काय न्हाई म्हनून मानसं येत न्हाईत," नाना नेहमी म्हणतात, "आन् काय न्हाई म्हनूनच पाखरं येतेत."

ही सगळी नावं त्यांच्या बायकोनं, यमुनाकाकूंनी ठेवलेली. लहानपणी मी काकूंशेजारी राखणीच्या माळ्यावर बसायचो. त्यांच्या हातात गोफण असायची, पण दगड क्वचितच सुटायचा. "बघ, नणंद वरडायलीय. घरात कायतर बिनसलंय तिच्या." हसता हसता मी माळ्यावरून पडायचा राहायचो. काय सुखाच्या सकाळी होत्या त्या! काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. नानांनी उभ्या जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही. हाक मारायची तर "ऐकलं का?" आणि आता विषय निघाला तर "ती".

यंदा मुलगा नानांना पुण्याला नेणार. शेत बटाईनं दिलं. शेवटच्या हुरड्याला गेलो, तर नाना आगटीत कणसं खुपसून नुसतेच बसलेले.

"नाना, पुण्यातही पाखरं असतात."

"आसतील. पन तिथं नणंदेला नणंद कोन म्हनंल?" त्यांनी निखारे उगाच हलवले. "सातबाऱ्यावर तिचं नाव न्हाई, घराच्या पाटीवर न्हाई. तिनं ठिवलेली नावं तेवढी राह्यली बाबा. मी गेल्यावर तीबी गेली."

मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बांधावरून मागच्या वर्षीचे साहेब आले, या वेळी बायकोला घेऊन. त्यांच्या पावलांनी टिटवी ओरडत उठली. साहेबांनी पुस्तकाला हातही लावला नाही. बोट दाखवून बायकोला म्हणाले, "ती बघ, नणंद!"

"नणंद? कुणाची?" बाई चक्रावल्या. साहेबांनी नानांकडे पाहिलं.

नाना उठून उभे राहिले. नदीकडे बघत म्हणाले, "आमच्या यमुनाची."

मग त्यांनी सगळी कणसं एकदम चोळली आणि साहेबांची ओंजळ हुरड्यानं भरली. चटणी द्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.