तळपवाडीचा एकुलता एक राग

कामरगावच्या रस्त्यावर तळपवाडी नावाचं गाव असून तेथील सर्व राग इंद्रभानकडे ठेवलेला होता. ही व्यवस्था कोणी लावली याची दप्तरी नोंद नाही, पण ती सर्वांच्या सोयीची होती. चूल ज्याच्या त्याच्या घरी, बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यात. राग मात्र गावाला एकच आणि सार्वजनिक.

रेशनच्या साखरेला माप कमी आलं, की लोक दुकानदाराशी गोड बोलत आणि तिथून तडक इंद्रभानच्या ओट्यावर येत. तलाठी महिनाभर फिरकला नाही, खांबावर दिवा असून उजेड नसला, वाशिमकडे जाणारी गाडी थांब्यावर न थांबता धूळ उडवत गेली, की सरपंच गुलाबसिंग जातीनं येऊन म्हणत, "इंद्रभानभाऊ, तुमी बोला. आमी तुमच्या मांगं हाओ."

इंद्रभान बोलायचा. त्याचा आवाज ऐकून तलाठी हजर व्हायचा, दिवा लागायचा आणि गाडीच्या ड्रायव्हरला ब्रेक कुठे आहे ते आठवायचं. इंद्रभाननं वळून पाहिलं, तर गाव खरोखरच त्याच्या मागं असे. चांगलं दूरच्या बाभळीपर्यंत मागं. काम झालं की सगळे त्याला चहा पाजून घरी धाडत.

या लोकसेवेत नुकसान होत होतं एकट्या दुर्गाबाईचं. गावासाठी दिवसभर तापवलेला राग इंद्रभानला घरच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नसे. वरणात मीठ कमी पडलं तरी तो तलाठ्याला ऐकवायच्या आवाजात बोलायचा. शहात्तर सालच्या संक्रांतीनंतर दुर्गाबाईनं गाठोडं बांधलं आणि शिरपूरला माहेरी निघाली.

"राग गावाचा, अन् ऐकून मी काहून घिऊ?" जाताना ती म्हणाली. "थो सोडा, मंगच मी येईन."

दुर्गाबाईवर इंद्रभानचा फार जीव होता. ही गोष्ट त्यानं तिला सोडून सगळ्यांना सांगितली होती.

सुदैवानं त्याच सुमारास तालुक्याला क्रोध निर्मूलन विभाग उघडला. हिवताप कागदोपत्री हटत आला होता, देवीचा रोग हटला होता, आणि जीप, फवारणीची माणसं व भिंती रंगवायचा गेरू शिल्लक होता. रिकामी जीप उभी ठेवणं त्या शिस्तीच्या दिवसांत बरं दिसलं नसतं. भिंतीभिंतीवर लिहून झालं : रागीट माणूस कळवा, बक्षीस मिळवा. दर गावी दोन रागीट, असं उद्दिष्ट ठरलं. तळपवाडीत एकच होता. गुलाबसिंगांनी गाव पालथं घातलं आणि शेवटी ग्यानबाला धरलं. या ग्यानबानं जन्मात कुत्र्यालाही हाड म्हटलेलं नव्हतं.

"मले तं रागच येत नाई बापा," ग्यानबा काकुळतीला आला.

"उद्दिष्टाचा सवाल हाये. गावासाठी एवढं बी करत नाई का तू?"

रागीटांच्या शिबिरात विस्तार अधिकारी (क्रोध) यांनी फळ्यावर माणूस काढला आणि त्याच्या डोक्यातून वाफ काढली. "जग झपाट्यानं बदलत आहे," ते म्हणाले. "ज्वारी संकरित झाली, गाय संकरित झाली. माणूस मात्र गावरानच राहिला. मनाचं सुधारित वाण पेरा! राग आला की दीर्घ श्वास घ्या, हसा आणि समोरच्याची अडचण समजून घ्या."

"साहेब, गाडी थांबली नाई तं?" इंद्रभाननं विचारलं.

"गाडीची अडचण समजून घ्या. बदलत्या जगात गाडीनं थांबायचं तरी कशासाठी?"

इंद्रभाननं मन लावून शिक्षण घेतलं. त्याला बायको परत आणायची होती. दुसऱ्या दिवशी शिबिराचं जेवण आलंच नाही, तेव्हा ग्यानबाला आयुष्यातला पहिला राग आला. त्याची निवड योग्यच होती, असा शेरा अधिकाऱ्यांनी मारला.

दुर्गाबाई परत आली आणि घर न्हाऊन निघाल्यासारखं झालं. भाकर करपली तर इंद्रभान हसून म्हणे, "तव्याची बी काई अडचण असन." दुर्गाबाई तोंडाला पदर लावून हसायची. इतकं सुख त्या घरानं पाहिलं नव्हतं.

गावाचे मात्र हाल सुरू झाले. लोक साखरेचं रडगाणं घेऊन आले, तर इंद्रभान दीर्घ श्वास घेऊन दुकानदाराची बाजू सांगू लागला. तलाठी यायचाच बंद झाला. खांबावरचा दिवा गेला, मग खांबही गेला. तक्रार करणारा एकमेव माणूस सुधारल्यामुळे गावाच्या तक्रारी शून्यावर आल्या आणि विभागानं तळपवाडीला तक्रारमुक्त गाव म्हणून जाहीर केलं. सत्कार झाला, हार पडले. तक्रार नाही म्हणजे गरजही नाही, या न्यायानं पुढल्या आठवड्यात गाडीचा थांबा रद्द झाला.

गाव हादरलं. लोकांनी इंद्रभानला चिडवून पाहिलं, त्याच्या वावरात म्हैस सोडून पाहिली. त्यानं म्हशीची अडचण समजून घेतली. तेव्हा ग्रामसभेत असं ठरलं, की रोज एका घरानं पाळीपाळीनं रागवावं. पहिली पाळी सरपंचांची आली. गुलाबसिंग कामरगावला गेले, तिथे थांबलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला पान खाऊ घातलं आणि म्हणाले, "जरासा राग आला व्हता. कानावर घालावं म्हनलं." दुसऱ्या घरात त्या दिवशी गाय व्याली, तिसऱ्याचा घसा बसला, आणि योजना बारगळली.

अशात शिरपूरहून निरोप आला, की दुर्गाबाईची आई तुळसाबाई अत्यवस्थ आहे. इंद्रभान आणि दुर्गाबाई सकाळीच रस्त्यावर आले. अर्धं गाव तिथे आपापल्या कामासाठी उभं होतं. गाडी आली, दुर्गाबाईनं हात केला. ड्रायव्हरनंही हात केला आणि गाडी निघून गेली.

इंद्रभाननं दीर्घ श्वास घेतला. "गाडीची अडचण..."

"माय मरून राह्यली माही!" दुर्गाबाई ओरडली. "तुमची शांती घरी चुलीपाशी ठेवा. रस्त्यावर नोका आनू!"

ती घरी गेली नाही. डोक्यावर ऊन घेत तिथेच बसली, आणि दुपारची गाडी दिसताच पदर खोचून भर रस्त्यात उभी राहिली. गाव सवयीनं बाभळीकडे सरकलं. इंद्रभानच्या चेहऱ्यावरचं शिकवलेलं हसू गळून पडलं. तो पुढे झाला आणि तिच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. गाडी हातभर अंतरावर कचकन थांबली. दुर्गाबाईनं ड्रायव्हरला जे ऐकवलं ते छापता येत नाही, पण त्यानं दार उघडलं आणि उद्यापासून रोज थांबतो म्हणून कबूल केलं.

दार उघडताच बाभळीखालचं गाव धावत आलं आणि आत शिरलं. सगळ्यांना जागा मिळाली. दुर्गाबाई आणि इंद्रभान शेवटी चढले आणि दांडी धरून उभे राहिले. गाडी सुटली. खिडकीपाशी वाऱ्याला बसलेले गुलाबसिंग शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "बाईमानसाले एवढा राग बरा नाई बुवा. पुढच्या शिबिराले इचंच नाव द्या लागन."

सगळ्यांनी शांतपणे माना डोलावल्या.

तुम्हालाही हसू आलं ना? येणारच, तुम्ही बसलेले आहात. आता जरा सरका. दुर्गाबाईला शिरपूरपर्यंत जायचं आहे.