रिकामे डबे

चमचे आणि वाट्या सोडल्या तर मीनाबाईंच्या स्वयंपाकघरात चौऱ्याण्णव भांडी होती. शिवकन्येनं ती दोनदा मोजली. पहिल्यांदा मोजताना मोठ्या पातेल्याच्या पोटात एक छोटं पातेलं लपून बसलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा. घरात भांडी पुष्कळ आहेत हे तिला लहानपणापासून माहीत होतं. नवं कळलं ते असं, की त्यातली एकतीस आपली नाहीतच. भांड्यांच्या कडेला कोरलेली नावं वाचत ती फळीवरून उतरत गेली. शेजारच्या सुरेखाकाकूंची चौदा, पलीकडच्या झुंबरआजींची आठ, समोरच्या संध्याताईंची सहा. उरलेल्या तीन भांड्यांवरची नावं घासून घासून गेली होती.

शिवकन्या जालन्याहून बी.एस्सी. करून घनसावंगीला घरी आली होती आणि पुढच्या प्रवेशाला अवकाश होता. तेवढ्या वेळात आईचं काम सोपं करून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. अडगळ काढायची, प्रत्येक वस्तूला एक जागा द्यायची, वापरलेली वस्तू लगेच जागेवर ठेवायची. साध्या सवयी. त्यातल्या काही लागूही पडल्या होत्या. मिठाच्या बरणीत कायमचा चमचा आला. काडेपेटी शेगडीशेजारी खिळ्याला टांगली गेली, आणि घरातलं रोजचं "काडेपेटी कुठं हाय?" बंद झालं. मीनाबाईंनी कौतुक केलं नव्हतं, पण काडेपेटी न बघता हात तिकडं जायला लागला होता. शिवकन्येच्या लेखी तो निकाल होता.

भांड्यांचा प्रश्न मात्र मोठा होता. नळ चौथ्या दिवशी यायचा. एक भांडं घासून विसळायला सरासरी सव्वा लिटर पाणी लागतं, हे तिनं मापून पाहिलं होतं. आई मोरीवर उकिडवी बसायची आणि उठताना भिंतीला हात लावायची. लोकांची एकतीस भांडी गेली, तर आईच्या कंबरेवरचा तिसरा हिस्सा भार उतरतो. गणित इतकं सरळ होतं की ते आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

संधीही चालून आली. थोरल्या मोनालीचं लग्न महिन्यावर होतं. मीनाबाई आणि मोनाली साड्या घ्यायला सकाळच्या जीपनं जालन्याला गेल्या. वडील अंगदराव अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. घरात शिवकन्या, आणि तीन दिवस भिजत पडलेले बारा किलो गहू. मोनालीच्या रुखवताच्या आणि लग्नातल्या ताटांच्या कुरडयांसाठी ते भिजवले होते. त्या संध्याकाळी ते वाटून चीक काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवून कुरडया घालायच्या, असं ठरलेलं. जाताना आई फक्त एवढंच म्हणाली होती, की दुपारी गव्हाचं पाणी बदल.

शिवकन्येनं पाणी बदललं. मग पदर नसूनही पदर खोचल्यासारखी ओढणी कंबरेला बांधली आणि लोकांची भांडी राखेनं घासून अशी लखलखीत केली, की त्यांच्या मालकिणींनाही ती ओळखू येऊ नयेत. बिननावाची तीन ठेवून अठ्ठावीस भांडी तिनं दोन पोत्यांत भरली आणि स्कूटीवर घातली. त्यात सुरेखाकाकूंचं कढईएवढं जर्मलचं पातेलं होतं, आणि कालच तिघींनी एकेक आणून ठेवलेले तीन पितळी सोरेही. घरात आपला एक सोऱ्या आहे. एका वेळी एकच माणूस दाबणार. मग चार कशाला?

पहिलं घर झुंबरआजींचं. आजींनी सोऱ्या बाजूला ठेवला, सातही डबे ओळीनं मांडून घेतले आणि एकेकाचं झाकण उघडून आत बघितलं. शिवकन्येला वाटलं, त्या स्वच्छता तपासतायत. सातव्या डब्याचं झाकण लावून आजींनी विचारलं, की हे आईनं पाठवलं का. आईच्या डोक्याचा भार कमी करायचाय, शिवकन्येनं खरं तेच सांगितलं. आजींनी सोऱ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय. आमचा भार झालाच असंल."

ही नम्रता शिवकन्येला आवडली.

संध्याताईंनी डबे आणि सोऱ्या घेतला, चहा विचारला नाही. उन्हाची वेळ, म्हणून नसेल विचारला. सुरेखाकाकू दारातच धान्य पाखडत बसल्या होत्या. पातेलं बघून त्यांचा हात थांबला. सोऱ्या बघून सूपच खाली ठेवलं.

"हे उद्या लागणार न्हाईत का?"

"आमच्याकडं आहे ना एक. पुरतो."

"बराबर हाय," सुरेखाकाकू म्हणाल्या. "शिकलेल्या घराला एक पुरतोच. आमालाच मेल्या अडाण्यायला चार-चार लागतेत."

शिवकन्या हसली. काकूंना मुद्दा पटला होता.

घरी येऊन ती रिकाम्या फळीसमोर खुर्ची टाकून बसली. दोन भांड्यांमधून मागची भिंत दिसत होती. परीक्षेचा निकाल बघतानाही तिला इतका आनंद झाला नव्हता.

तासाभरात दार वाजलं. संध्याताई मीनाबाईंचे पाच डबे घेऊन उभ्या होत्या. घासलेले, पुसलेले, रिकामे. ठेवले आणि गेल्या. त्यांच्यामागून झुंबरआजी काठी टेकत आल्या. त्यांनी सहा भांडी आणली आणि वर एक चाळणी, जी शिवकन्येनं जन्मात पाहिली नव्हती. "तुझ्या जन्माच्या आधी नेल्ती. राहू नये कुणाचं," एवढं बोलून त्या वळल्या. मग सुरेखाकाकूंच्या घरून तर पाटीच आली. कुकरचं झाकण, जे हरवलं म्हणून नवा कुकर घेतला होता, तेही त्यात होतं.

शिवकन्येला आधी भरून आलं. आपली सवय एका दुपारीत गल्लीभर पसरली. मग तिनं सगळी भांडी फळीवर लावली आणि सवयीनं मोजली. सव्वीस आली होती. फळीवर आता ब्याण्णव भांडी होती. म्हणजे दुपारभराच्या कामानं घरातली दोन भांडी कमी झाली होती.

तेवढ्यात अंगदरावांचा फोन आला. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, काट्यावर उसाचे शेवटचे ट्रक उभे, आणि अशात सुरेखाकाकूंचे यजमान कडूबा यांनी त्यांना फोन केला होता. कडूबांचा आवाज म्हणे दुखावलेला होता. "अंगद, घर इकायचं होतं तर आधी मला सांगायचं. भितीला भित लागून हाय आपली." घर विकत नाही हे सांगायला अंगदरावांना एवढा वेळ लागला, की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न धरून ठेवला. आता त्यांचा लेकीला एकच प्रश्न होता, की घरी नेमकं काय चाललंय. शिवकन्येनं सांगितलं, भांडी आवरतेय. "मग आवर जल्दी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पण गल्लीत एका कारणावर कुणाचं समाधान होत नव्हतं. घर विकलेलं नाही म्हटल्यावर बदली झाली असेल. बदलीही नाही म्हटल्यावर एकच राहिलं. ज्या घरी महिनाभरावर लग्न आहे, ते घर कुरडयांचे सोरे परत करतं, याचा अर्थ लग्न मोडलं. संध्याताईंचं माहेर शहागडचं, आणि मोनालीचं सासर होणार तेही शहागडलाच. त्यामुळे जालन्यातल्या दुकानात खांद्यावर जांभळी साडी टाकून आरशासमोर उभ्या असलेल्या मीनाबाईंना होणारे व्याही अण्णासाहेब यांचा फोन गेला. ते फार सभ्य माणूस. त्यांनी थेट काही विचारलं नाही. कुरडया रद्द झाल्याचं कानावर आलं, आमच्याकडून काही चुकलं का, एवढंच म्हणाले.

मीनाबाईंनी दुकानातूनच त्यांची समजूत घातली, पण जांभळी साडी तशीच राहिली. दिवस मावळायच्या आत त्या घरी पोहोचल्या. फळी पाहिली. कोपऱ्यात पातेलं नाही, सोरे नाहीत, हे पाहिलं. गव्हाच्या टोपावरचा पंचा उचलून वास घेतला. मग पाटावर बसल्या. शिवकन्येनं सव्वा लिटरपासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यानंच शिवकन्येला भीती वाटायला लागली.

"अगं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी काय ते डबे द्यायचे इसरले होते का? झुंबरबाईचा डबा माझ्यापाशी हाय म्हणून ती चार रोजाला भांडायला तरी येती. भांडता भांडता माझ्या शेंगा फोडून जाती. आन् डबा रिकामा परत देती का कुणी? भांडण झाल्यावर देतेत तसा."

"आणि सोरे?"

"बाई आदल्या दिवशी सोऱ्या आणून ठेवती, म्हंजे तिनं सांगितलं की उद्या मी तुझ्याकडं येते. तू तिला सांगून आलीस, येऊ नको."

शिवकन्येनं टोपाकडं पाहिलं. गव्हाला आंबूस वास येत होता, जेवढा यायला हवा तेवढाच. पण चैताचं ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं आणि अशा उष्म्यात आंबण्याचा वेग काय असतो हे तिच्या परीक्षेत आलं होतं. आज चीक निघाला नाही तर उद्या बारा किलो गहू गुरांपुढं. नवे भिजवायचे तर लग्नाची बाकीची कामं अंगावर, आणि गहू कितीही भिजवले तरी वाटायला, घाटायला, दाबायला बायका त्याच. मोनाली आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. शहागडचंच कुणीतरी असावं.

अंगदराव कारखान्यातून आले होते. तिघं मिळून करू, असं ते म्हणाले. बापलेकीनं मिक्सर लावला. सातव्या घाण्याला तो विमानासारखा ओरडला आणि त्यातून जळक्या रबराचा वास आला. टोपातली पातळी बोटभरही खाली गेली नव्हती. अंगदरावांनी आयुष्यभर टनांत वजनं केली होती. त्यांनी टोपाकडं पाहिलं, मिक्सरच्या भांड्याकडं पाहिलं, आणि पायजमा झटकत उठले.

"माफी मागून येऊ?" शिवकन्येनं विचारलं.

"माफी मागितली तर ते खरंच भांडण व्हतं," मीनाबाई म्हणाल्या. "सोऱ्या मागून ये."

त्यांनी एक डबा काढला, गूळ-शेंगदाण्यानं भरला, आणि लेकीच्या हातात दिला. हा तिथंच ठेवून यायचा, त्यांनी बजावलं. परत आणलास तर तूही तिथंच राहा.

सुरेखाकाकू चुलीपुढं होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. कडूबा बाजेवर बसले होते, त्यांनी बघितलं, आणि बायकोच्या पाठीकडं बघून ते पाणी प्यायला उठून गेले. शिवकन्येनं डबा ठेवला. बोलायचं ती वाटेत पाठ करून आली होती, ते सगळं विसरली.

"काकू, सोऱ्या पाहिजे होता."

"पुरत होता न्हवं एक?"

"सोऱ्या पुरतो. माणसं पुरत नाहीत."

काकूंनी भाकरी उलटली. दुसरी थापली. तीही भाजून काढली. मग डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"तुझ्या आईनं शेंगदाणे करपवलेत," त्या म्हणाल्या. "मन ठिकाणावर नसंल तिचं. चल, मिक्सर उचल माझा. आन् झुंबरबाईला हाक मार, न्हाईतर ती अजून एक चाळणी हुडकून ठेवंल."

दिवेलागणीला अंगणात तीन घरांचे तीन मिक्सर सुरू झाले. संध्याताईंनी येताना सुरेखाकाकूंचं मोठं पातेलं आणलं, आणि लग्न मोडल्याची बातमी आपण शहागडला कळवलीच नव्हती, फक्त विचारली होती, असं न विचारता सांगितलं. झुंबरआजी चीक गाळायच्या पंच्याचं एक टोक धरून बसल्या आणि घर विकलं तर कितीला जाईल यावर अंगदरावांशी बोलत राहिल्या, म्हणजे एकदा किंमत कळलेली बरी.

पहाटे चीक शिजला. सुरेखाकाकू घाटत होत्या, संध्याताई दाबत होत्या, मीनाबाई गरम उंडा सोऱ्यात भरत होत्या, आजी काठीनं कावळे हाकत होत्या. शिवकन्येला ताटं इकडून तिकडं न्यायचं काम होतं. मागं लागून लागून तिनं शेवटचा उंडा मिळवला, पण तोवर तो निवला होता. सोऱ्या दाबताना ती त्याच्यावर जवळजवळ लोंबकळली. ऊन चढायच्या आत दोन्ही बाजा आणि ओट्यावरचं प्लॅस्टिक कुरडयांनी भरून गेलं. संध्याताईंनी शहागडला त्याचा फोटो पाठवला. अण्णासाहेबांचं उत्तर आलं, की छान दिसतायत, आणि जांभळी साडी घेतली का, असं घरातून विचारतायत.

कुरडया कडकडीत वाळल्यावर मीनाबाईंनी कढई चढवली. शिवकन्येनं पट्टी आणली. सुरेखाकाकूंनी घाटलेली आणि संध्याताईंनी दाबलेली कुरडई तळण्याआधी नऊ सेंटिमीटर होती, तळल्यावर सोळा भरली. शिवकन्येनं दाबलेली तळण्याआधी नऊ सेंटिमीटर होती, तळल्यावर साडेनऊ भरली.